जिवंतांच्या पानावर

कोसोगोरीत निकांद्र बाबा आले ते १९०९ च्या सप्टेंबरात. घोडागाडीत ते स्वतः, त्यांची बायको अग्लाया माई, पुस्तकांचा एक पेटारा आणि मधमाश्यांच्या तीन पेट्या. गावाला आधीचा धर्मगुरू आठवत होता. त्याचा आवाज असा की नदीपलीकडची गुरं चरता चरता मान वर करायची. निकांद्र बाबांचा आवाज पातळ, दाढी विरळ आणि प्रवचन असं की ऐकणारा घराच्या दारापर्यंत पोचायच्या आत विसरायचा. माश्या मात्र चांगल्या आहेत, असं गावाने ठरवलं आणि बाबांना ठेवून घेतलं.

बाबांना एक खोड होती आणि ती जन्मभर गेली नाही. ते नावं वाचायचे.

आमच्याकडे प्रत्येक घराची एक छोटी वही असते. एका पानावर घरातल्या जिवंतांची नावं, समोरच्या पानावर गेलेल्यांची. चर्चमध्ये वही द्यायची, वही नसेल तर चिठ्ठी, आणि सोबत वेदीचा एक छोटा पाव. धर्मगुरू एकेका नावासाठी पावाचा एकेक कण सुरीने काढतो आणि नाव वाचतो. जिवंतांना आरोग्य मागायचं, गेलेल्यांना विसावा. इतर गावांतले धर्मगुरू पहिली दहा नावं खणखणीत म्हणायचे आणि पुढची शंभर ओठांतल्या ओठांत गिळून टाकायचे. लोकांचीही हरकत नसे. निकांद्र बाबा सगळी वाचायचे, मोठ्याने, एकेक सुटं, मधे श्वास घेऊन. कुणाची आजी, कुणाची पणजी, कुणाचं बाळंतपणात गेलेलं नाव ठेवण्यापुरतंच जगलेलं पोर. गेलेल्यांसाठी राखलेल्या शनिवारी तर माणसं उभी राहून राहून मोडायची. आमच्या चर्चमध्ये बसायला बाकं नसतात. बाबांची नावं संपेपर्यंत घरची कणीक फुगून परातीबाहेर पडते, असं बायका म्हणायच्या. एकदा पंचमंडळींनी बाबांना विनवलं, की देवाला सगळी नावं ठाऊक आहेत, तुम्ही जरा आवरतं घ्या.

"देवाला ठाऊक आहेत," बाबा म्हणाले, "पण मला कुठे ठाऊक आहेत? मी वाचून वाचून लक्षात ठेवतो."

माणसं पाय बदलत उभी राहायला शिकली.

चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरं शिकवायचे तेही बाबाच, आणि तेही नावांवरूनच. आपापल्या घराची वही नव्याने उतरवून काढायची, हाच मुलांचा गृहपाठ. प्रोखोर आणि उस्तिन्या तिथे पुढेमागे बसायचे. प्रोखोरचं अक्षर वळणदार, छापल्यासारखं. उस्तिन्याची अक्षरं पावसाने ओल्या झालेल्या कोंबड्यांसारखी एकमेकींना चिकटून बसलेली. तिच्या वहीत आजोबा कुठल्या पानावर आहेत हे बघायला बाबांना कागद खिडकीशी न्यावा लागे. ते रागावत नसत. "पोरी, मेलेल्याला जिवंतांत लिहिलंस तर त्याचं काही बिघडत नाही," ते म्हणायचे, "उलटं मात्र करू नकोस."

हे त्यांनी थट्टेत म्हटलं, पण आमच्याकडे ती थट्टा नाही. जिवंत माणसाचं नाव गेलेल्यांत वाचलं की तो झुरत झुरत जातो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पूर्वी वैरी माणसं मुद्दाम तसं करायची. चिठ्ठीत वैऱ्याचं नाव घालायचं आणि वाट बघत बसायचं.

उस्तिन्याचं लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी नवरा ओंडक्यांच्या तराफ्यावरून नदीत पडून गेला. मूल नव्हतं. सासरचे बोलायला लागले तेव्हा बाबांनी तिला चर्चचे पाव भाजायच्या कामाला घेतलं. हे काम विधवेचंच. पाव दोन थरांचा, वर लाकडी ठशाने क्रूस उठवायचा, आणि भाजताना मनात राग धरायचा नाही. हे शेवटचं उस्तिन्याला सगळ्यात अवघड जायचं. पाव भाजणं, मेणबत्त्या देणं आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या लिहून देणं, अशी तिन्ही कामं तिच्याकडे आली. ज्यांना लिहिता येत नाही म्हणजे जवळजवळ सगळं गाव.

प्रोखोर लढाईवर गेला आणि चामड्याचं जाकीट घालून परत आला. मग गावच्या सोवियतचा, म्हणजे नव्या राजवटीच्या पंचायतीचा, अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता, असं आजही म्हणणारे आहेत. घंटा उतरवायला लावली ती त्यानेच, पण उतरवताना खाली कुणी उभं राहू नये म्हणून दिवसभर ओरडत होता तोही तोच. १९३१ मध्ये गावातली सात घरं बायकापोरांसकट स्लेजवर घालून उत्तरेला पाठवली. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी बाबांनी त्या सात घरांतली एकूणएक नावं जिवंतांत वाचली आणि मग दर रविवारी वाचत राहिले. प्रोखोरने त्यांना बोलावून सांगितलं, की जिल्ह्याला हे आवडलेलं नाही, ती नावं गाळा.

"ते गेलेत का?" बाबांनी विचारलं. "तसं पक्कं कळलं असेल तर सांग, दुसऱ्या पानावर घेतो. कुठल्यातरी पानावर तर लिहायलाच हवं."

प्रोखोरला सांगता येईना. तेव्हा नावं होती तिथेच राहिली.

आता ती चूक. १९३७ च्या उन्हाळ्यात, ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाआधीचा शनिवार, गेलेल्यांचा. आसपासची चर्चं बंद झालेली, त्यामुळे चार गावांची गर्दी आमच्याकडे लोटली. गेलेल्यांच्या चिठ्ठीवर वर क्रूस काढायचा असतो, जिवंतांची चिठ्ठी कोरी. उस्तिन्याने वेळ वाचावा म्हणून आदल्या दिवशीच जुन्या वह्यांचे कागद फाडून शंभरेकांवर क्रूस काढून ठेवले होते. डावीकडे क्रूसाचे, उजवीकडे कोरे. प्रोखोरची आई फ्योक्ला गर्दीतून पुढे आली. मुलगा अध्यक्ष असला तरी तिने चर्च सोडलं नव्हतं, फक्त मागच्या दाराने यायची. गेलेला नवरा योना आणि जिवंत मुलगा प्रोखोर अशी दोन नावं तिने हळूच सांगितली. उस्तिन्याने पहिलं नाव लिहिलं. दुसरा कागद घेतला तो डावीकडचा.

बाबा जर इतर धर्मगुरूंसारखे गिळून वाचणारे असते तर काहीही झालं नसतं. पण त्यांनी वाचलं, सुटं, श्वास घेऊन: "योना. प्रोखोर." गावात प्रोखोर एकच होता आणि त्याच्या बापाचं नाव योना हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावची सगळी डोकी फ्योक्लाकडे वळली. फ्योक्ला होती तिथेच खाली बसली.

उपासना झाल्यावर उस्तिन्या वेदीच्या दाराशी जाऊन रडायला लागली. बाबा चिठ्ठ्या शेगडीत जाळत होते. तशीच रीत आहे, वाचलेली चिठ्ठी कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाही. ती सांगणार होती की हात माझा होता, मी प्रोखोरच्या घरी जाऊन कबूल करते. बाबांनी उरलेल्या चिठ्ठ्याही आत टाकल्या.

"वाचलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग चूक माझी. तू पाव भाज. आणि हे कुणाला सांगायचं नाही, समजलं?"

ते तसेच प्रोखोरकडे गेले. प्रोखोरने त्यांना अंगणातच उभं ठेवलं. कुंपणापाशी चारदोन माणसं जमली होती, त्यांनी सगळं ऐकलं. बाबांनी माफी मागितली, म्हणाले, मीच चुकीचं वाचलं, आता चाळीस दिवस तुझं नाव रोज जिवंतांत वाचतो. वर हेही म्हणाले, की मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, तेव्हा तू गावातल्या सगळ्यांना पोचवूनच जाशील. कुंपणाबाहेरचे हसले. प्रोखोर हसला नाही. असल्या भाकडकथांवर आपला विश्वास नाही, असं तो म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

विश्वास नव्हता खरा. पण त्याच आठवड्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. महिनाभरात तो इतका वाळला की जाकीट खांद्यावर अडकवल्यासारखं दिसायला लागलं. तो रस्त्याने चालला की बायका त्याच्याकडे बघायच्या आणि मग एकमेकींकडे बघायच्या. उस्तिन्या खिडकीतून बघायची आणि चाळिसातले उरलेले दिवस मोजायची. बाबा रोज सकाळी त्याचं नाव वाचत होते. चाळिसाव्या दिवसापर्यंत त्याचं पोट थोडं शमलं, पण तोवर ऑगस्ट लागला होता.

चौदा ऑगस्टला, नव्या मधाच्या सणाच्या दिवशी, भर दुपारी, शहराची मोटार आली. बाबा मधमाश्यांपाशी होते. दोन परकी माणसं आणि साक्षीला प्रोखोर. घराची झडती झाली. त्यात सापडली ती नावांची वही आणि दोन लाकडी क्रूस. बाबांचे हात मधाने कोपरापर्यंत चिकट झाले होते, धुवायची परवानगी मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मिळाली. उस्तिन्याने तांब्यातून त्यांच्या हातावर पाणी घातलं. परकी माणसं दोन पावलांवर उभी होती.

"प्रोखोरला जिवंतांत ठेव," बाबा हात चोळता चोळता म्हणाले. "आठवणीने, कधी चुकवू नकोस. आणि मलाही तिथेच, पक्कं कळेपर्यंत."

मग माईंना त्यांनी माश्यांबद्दल काहीतरी सांगितलं आणि ते मोटारीत बसले. ते सत्तावन्न वर्षांचे होते.

शरदात चर्चला कुलूप लागलं आणि आत सामुदायिक शेताचं धान्य भरलं. धर्मगुरूचं घरही गेलं, म्हणून अग्लाया माई उस्तिन्याच्या एका खोलीच्या घरात राहायला आल्या. शहरात एक खिडकी होती, तिथे कैद्यांसाठी गाठोडं देता यायचं. माई तीन वेळा गेल्या. सप्टेंबरात गाठोडं घेतलं. दहा ऑक्टोबरला घेतलं, त्यात नवे लोकरीचे मोजे होते. नोव्हेंबरात परत दिलं आणि सांगितलं: दहा वर्षं, पत्रव्यवहाराची परवानगी नाही. माई परत आल्या आणि त्यांनी भिंतीवर कोळशाने दहा रेघा ओढल्या. दर ऑगस्टात एक पुसायच्या.

प्रोखोरने बाबांविरुद्धच्या जबानीवर सही केली हे गावाला माहीत होतं. कसली, तेही माहीत होतं: धर्मगुरूने अध्यक्षाच्या मरणाची चर्चमध्ये जाहीर प्रार्थना केली. उस्तिन्याने त्यावरून आपला हिशेब लावला. त्याला वाटलं आपल्यावर करणी केली, तो घाबरला, म्हणून त्याने सही केली. आणि कागद डावीकडचा उचलला कोणी? हे तिने कुणालाही सांगितलं नाही, माईंनासुद्धा नाही. त्यांच्याबरोबर एका चुलीवर दहा वर्षं जेवली, पण ओठांवर आलेलं रोज घासाबरोबर गिळत राहिली. ज्या बाईच्या चुकीने घर बुडालं तिच्याच घरात माई तिला लेक म्हणत होत्या.

तिच्या वहीत जिवंतांच्या पानावर सगळ्यात वर दोन नावं होती: धर्मगुरू निकांद्र. प्रोखोर. चर्च नव्हतं, तेव्हा ती घरीच रोज सकाळी वाचायची. प्रोखोर पुढच्या लढाईत गेला आणि उजव्या कानाने बहिरा होऊन का होईना, परत आला. गावातून सदतीस गेले होते, सहा आले. मेलेल्यांत वाचलेला माणूस गोळीलाही नकोसा झाला, असं बायका म्हणायच्या.

भिंतीवरची शेवटची रेघ १९४७ मध्ये पुसली. त्या ऑगस्टात माई रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायच्या. पुढच्या मार्चमध्ये त्या गेल्या. जायच्या आधी उस्तिन्याला म्हणाल्या, "मला त्या पानावर लिहिशील तेव्हा त्यांना ओढूनताणून माझ्या शेजारी आणू नकोस. तिकडे असले तर भेटतील. नसले तर मी थांबेन." उस्तिन्याने माईंचं नाव गेलेल्यांत लिहिलं. बाबांचं हलवलं नाही.

लढाईनंतर चाळीस मैलांवरच्या गावात एक चर्च उघडलं होतं. ती वर्षातून चारदा जायची. आधी पायी, मग दुधाच्या गाडीतून, मग बसने. पाव स्वतः भाजून न्यायची, लपवून ठेवलेल्या जुन्या ठशाचा. तिथले धर्मगुरू बदलत गेले आणि प्रत्येकाशी तिचं एकदा तरी वाजलं. एकाने चिठ्ठी वाचून विचारलं, की मावशी, हे निकांद्र बाबा किती वर्षांचे?

"येत्या हिवाळ्यात शंभर पुरी होतील."

"मग आता त्यांना तिकडच्या पानावर..."

"तुम्ही प्रेत पाहिलंत?"

"नाही."

"मीही नाही. वाचा."

आमच्याकडेही लोक चिडवायचे. तुझे बाबा अजून मध काढतात का, दात आले का त्यांना नवे, असं काहीबाही. मधे एकदा कैद्यांच्या छावणीतून सुटलेला कुणीतरी सांगत आला, की तिकडे एक विरळ दाढीचा म्हातारा धर्मगुरू पाहिला. दुसरा सांगत आला, की तो मेला. उस्तिन्याने दोघांनाही चहा पाजला आणि दोघांचंही धरलं नाही. तिने एकदा जिवंत माणूस शब्दांनी पुरला होता. दुसऱ्यांदा तिचा हात ते करणार नव्हता. उपासनेनंतर कण काढलेला पाव परत मिळतो. तो ज्याच्या नावाचा त्याने सकाळी उपाशीपोटी खायचा असतो. बाबांचा पाव ती माईंच्या थडग्यावर कुस्करून पाखरांना घालायची. प्रोखोरचा स्वतः खायची. त्याला कोण नेऊन देणार?

१९८९ मध्ये वर्तमानपत्रांत याद्या छापून यायला लागल्या, त्या काळात नेलेल्या माणसांच्या. उस्तिन्या चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. गावात उरली होती अकरा घरं. त्यात सरकारी अर्ज लिहिता येणारा एकच: शेजारच्या घरातला, सत्त्याऐंशी वर्षांचा, विधुर प्रोखोर. सगळ्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज तोच लिहायचा. अक्षर अजून छापल्यासारखं. त्याच्या घराचा उंबरा उस्तिन्याने तोवर ओलांडला नव्हता. ती गेली, डाव्या बाजूला बसली, कारण त्याचा तोच कान चालायचा, आणि म्हणाली की अर्ज लिहायचाय, निकांद्र बाबा कुठे आहेत ते विचारायचंय.

प्रोखोरने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "कुठल्या कचेरीला लिहू?"

"तेव्हा जिथे लिहिलं होतंस, तिथेच लिही."

त्याने लिहिलं. त्यांची बायको माझ्या घरात राहिली आणि वारली, मी नात्याची नाही, पण विचारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, असं तिने सांगितलं तेही लिहिलं. खाली तिने सही केली, ओल्या कोंबड्यांची.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. उस्तिन्याने पाकीट न फोडता शेजारी नेलं. प्रोखोरने वाचलं, आधी मनात, मग तिने टेबलावर बोट आपटलं तेव्हा मोठ्याने. आरोप बिनबुडाचा ठरवून रद्द केला आहे. शिक्षा दोन ऑक्टोबर १९३७ रोजी गोळी घालून अमलात आणली. पुरल्याची जागा माहीत नाही.

उस्तिन्याने बोटांवर मोजलं. मधाच्या सणापासून सात आठवडे. बावन्न वर्षं ती ज्यांचं आरोग्य मागत होती ते सात आठवड्यांत संपले होते. माईंनी पुसलेल्या रेघांपैकी पहिली ओढली तेव्हाच ते नव्हते. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"दहा ऑक्टोबरला गाठोडं घेतलं होतं त्यांनी. मग मोजे कुणी घातले?"

प्रोखोरने कागद टेबलावर ठेवला. तेव्हा ती बोलली. इतकी वर्षं गिळलेलं एकदम बाहेर पडलं, क्रूसाचे कागद डावीकडे, कोरे उजवीकडे, गर्दी, आणि हात कुठे गेला ते. "बाबांनी चुकीचं वाचलं नव्हतं. चिठ्ठी माझ्या हातची होती. तुला करणीची भीती वाटली ती माझ्यामुळे. सही तुझी, पण पाप माझं. घे, आता कळलं तुला."

"मला माहीत होतं," प्रोखोर म्हणाला.

उस्तिन्याला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही.

"आईने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी तुला जिवंतांत दिला होता, उस्तिन्याने घाईत कागद बदलला असेल, म्हणाली. दुसरं कोण लिहायचं गावात चिठ्ठ्या?" तो कागदाकडे बघत बोलत होता. "मग बाबा अंगणात येऊन म्हणाले, चूक माझी. तेव्हा कळलं, तुला झाकतायत. ऑगस्टात जिल्ह्याला बोलावलं. प्रत्येक गावातून एक नाव हवं आणि सोबत कारण हवं. नाही दिलं तर तुझंच लिहू म्हणाले. कारण माझ्याजवळ तयार होतं. तेच दिलं."

"घाबरला नव्हतास? करणीला?"

"पोट दुखत होतं गं. पण करणी नाही हे माहीत होतं."

चहा गार झाला होता. उस्तिन्या उठली आणि घरी आली. तिला संताप आला होता, इतका की दाराची कडी हाताला सापडेना. बावन्न वर्षं तिने स्वतःला खाल्लं होतं, आणि हा माणूस शेजारच्या घरात सगळं माहीत असून बटाटे लावत होता, काढत होता. तिने वही काढली. मोतीबिंदूतून दिसत नव्हतं, पण पानं तिला बोटांनी ओळखता यायची. जिवंतांच्या पानावरचं पहिलं नाव तिने खोडलं आणि समोरच्या पानावर माईंच्या शेजारी लिहिलं: मारले गेलेले धर्मगुरू निकांद्र. मग ती पुन्हा इकडच्या पानावर आली. तिथे आता वर एकटा प्रोखोर होता. त्याच्यापासून समोरचं पान चार बोटांवर. या वेळी कागद चुकला असं कुणी म्हणालं नसतं.

पेन्सिल हातात धरून ती संध्याकाळपर्यंत बसली. तिला तो तांब्या आठवला, चिकट हात आठवले. बाबांनाही माहीतच असणार, साक्षीला कोण आलंय ते त्यांना दिसत होतं. तरी ते म्हणाले होते, आठवणीने, कधी चुकवू नकोस. "तुमचं काय जातं सांगायला," ती मोठ्याने म्हणाली आणि पेन्सिल ठेवून दिली. शनिवारी तिने कणीक मळली. राग धरून पाव भाजायचा नसतो, म्हणून ती पहिली कणीक कोंबड्यांना गेली, दुसरीही गेली. तिसरी भाजली.

रविवारी ती बसने चर्चला गेली. धर्मगुरूने चिठ्ठी पाहिली, नाव हललेलं पाहिलं आणि वाचलं, सुटं.

सोमवारी सकाळी तिने प्रोखोरच्या टेबलावर फडक्यात बांधलेला छोटा पाव ठेवला. त्याच्या एका बाजूचा कण काढलेला होता.

"हे काय?"

"तुझा. चाळीसएक वर्षं तुझ्या वाटणीचा मीच खातेय. आता माझ्याच्याने होत नाही."

त्याला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी जिवंतांत होतो? तुझ्या वहीत?"

"बाबांच्या शेजारी होतास. ते सांगून गेले होते, हात धुताना. आता एकटा आहेस."

प्रोखोरने पावाकडे हात नेला.

"थांब," उस्तिन्या म्हणाली. "चहा घेतलास सकाळी?"

"घेतला."

"मग आज नाही. उपाशीपोटी खायचा असतो, शिकवलं नव्हतं का तुला? उद्या खा."

त्या दिवशी प्रोखोरच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. दुपारी नाही आणि संध्याकाळीही नाही. मंगळवारी उजाडताना उस्तिन्या सरपण आणायला बाहेर पडली तेव्हा तो आपल्या पायरीवर बसून पाव खात होता. दात नव्हते, त्यामुळे एकेक तुकडा तोंडात भिजवून, सावकाश. तो रडतोय हे तिला दिसलं नाही, मोतीबिंदूमुळे. ऐकू मात्र आलं. ती सरपण घेऊन आत गेली.

त्यानंतर दर पावाला ती त्याच्या दारात जायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. तो गेला एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याच पायरीवर, आणि बाबा म्हणाले होते तसं बहुतेक गावाला पोचवून गेला. शेजारच्या बाईने धावत येऊन उस्तिन्याला सांगितलं आणि वही पुढे केली. उस्तिन्याने वही घेतली नाही. आधी काठी टेकत त्याच्या घरी गेली, त्याच्या कपाळावर हात ठेवला, तो गार आहे ना ते पुरतं बघितलं, आणि मगच पेन्सिल मागितली.